अन्ननलिकेतली 'साधी गाठ' आणि तिच्या आड लपलेला सुरुवातीचा कॅन्सर: तपासणीपासून उपचारापर्यंत कुठल्या क्रमाने काय करायचं

एंडोस्कोपी विभागात काम करताना ही चूक इतक्या वेळा बघितलीये की आता एकदा सगळं क्रमाने लिहूनच काढते. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेत एक फुगवटा दिसतो, रिपोर्टवर 'लायोमायोमा असावा, बिनाइन' (स्नायूची साधी गाठ, कॅन्सर नाही) असं येतं, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फाइल कपाटात जाते. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण 'बिनाइन' हा शब्द खालच्या गाठीबद्दल असतो, तिच्यावर पसरलेल्या अस्तराबद्दल नसतो. गाठ स्नायूतून येते, कॅन्सर अस्तरातून सुरू होतो, आणि क्वचित का होईना पण दोन्ही एकाच जागी एकावर एक बसलेले सापडतात. म्हणून खाली जे काही लिहिलंय त्यात एकच गोष्ट धरून ठेवायची, गाठीचं उत्तर वेगळं आणि अस्तराचं उत्तर वेगळं, आणि दोन्ही हातात आल्याशिवाय फाइल बंद करायची नाही.

१. आधी थरांचा हिशोब समजून घ्या

हा भाग लोक सोडून देतात आणि मग पुढचा एकही रिपोर्ट कळत नाही, म्हणून पाच मिनिटं द्याच. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटरची नळी आहे. आतून बाहेर जाताना पहिलं अस्तर, अस्तराखाली नाजूक जोडपेशींचा थर, मग एक अगदी पातळ स्नायूचा पापुद्रा ज्याला मस्क्युलॅरिस म्युकोझा म्हणतात, मग सबम्युकोझा म्हणजे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांनी भरलेला सैलसर थर, आणि शेवटी जाड मुख्य स्नायू. पोट किंवा आतड्यावर बाहेरून जे सिरोझाचं वेष्टण असतं ते इथे नाही.

लायोमायोमा ही अन्ननलिकेत सगळ्यात जास्त दिसणारी साधी गाठ, बहुतेक वेळा मुख्य स्नायूतून येते, कधीकधी त्या पातळ पापुद्र्यातून. नळीच्या मधल्या आणि खालच्या भागात जास्त दिसते. गाठ कुठल्या थरातून आलीये यावर पुढे अख्खा उपचार फिरतो, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

लपवालपवी फक्त लायोमायोमाच करतो असं नाही. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर नावाची पिवळसर, टणक गाठ असते, तिच्यावरचं अस्तर असं काही जाड आणि वेडंवाकडं वाढतं की छोट्या तुकड्यात ते स्क्वॅमस कॅन्सरसारखंच (अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर) दिसतं, म्हणजे इथे उलटी फसवणूक होते. आणि चामखिळीसारख्या साध्या वाढीच्या, म्हणजे पॅपिलोमाच्या, वेषात व्हेरुकस कार्सिनोमा नावाचा कॅन्सर बसलेला असू शकतो, हा तर सगळ्यात छळतो, कारण वरवरचे तुकडे घेत राहिलं की रिपोर्ट दर वेळी साधाच येतो. उरलेला एक प्रकार म्हणजे कॅन्सरच अस्तराखालून वाढतो, वर चांगलं अस्तर राहतं आणि बघणाऱ्याला वाटतं साधी गाठ आहे.

२. तपासणीच्या आधीची तयारी

इथे घाई केली की पुढचं सगळं अर्धवट होतं. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायच्या गोष्टी एका कागदावर लिहून न्या, तोंडी सांगताना निम्म्या राहतात:

- तंबाखू कुठल्याही रूपात, दारू किती आणि किती वर्षं, दारू प्यायल्यावर चेहरा लालबुंद होतो का. ज्यांचा होतो त्यांच्या शरीरात दारूतून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड नीट मोडलं जात नाही आणि त्यांनी पिणं चालू ठेवलं तर अन्ननलिकेच्या स्क्वॅमस कॅन्सरचा धोका बराच वाढतो.
- आधी तोंडाचा, घशाचा किंवा स्वरयंत्राचा कॅन्सर झालाय का.
- अकलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा आजार) आहे का, लहानपणी अॅसिड किंवा कॉस्टिक सोड्यासारखं काही गिळलं गेलं होतं का.
- वर्षानुवर्षांची जळजळ, आधी कधी बॅरेट (वर येणाऱ्या आम्लामुळे अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं अस्तर बदलणं) असं निदान झालंय का.
- आयोडीनची अॅलर्जी, थायरॉइडचा आजार. हे नक्की सांगा, कारण पुढे आयोडीन फवारायचं असतं.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या आणि इंजेक्शनं, विशेषतः वजन कमी करणारी जीएलपी-१ गटातली, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

घन अन्न साधारण ६ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधी बंद, हा नेहमीचा नियम, पण अकलेशिया असेल किंवा घास अडकत असेल तर आत अन्न साचलेलं असतं म्हणून डॉक्टर जास्त वेळ उपाशी ठेवतात.

तपासणीच्या १०–३० मिनिटं आधी फेस मोडणारं सिमेथिकोन आणि चिकटपणा सोडवणारं अॅसिटिलसिस्टीन मिसळलेलं थोडंसं पाणी प्यायला दिलं तर अस्तर स्वच्छ दिसतं. जिथे ते देत नाहीत तिथे विचारायला लाजू नका, फेस आणि चिकट पाण्याखाली २–३ मिलिमीटरचा सपाट डाग कोणालाच दिसत नाही.

सावधान: रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांना स्टेंट आहे किंवा कृत्रिम झडप आहे त्यांच्यासाठी ते जीवावर बेतू शकतं, कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

३. दुर्बीण आत गेल्यावर: फुगवटा दिसला की नजर तिथेच अडकते

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मोठा फुगवटा दिसला की बघणाऱ्याचं लक्ष त्याच्या आकाराकडे जातं, कुठून आला, किती सेंटीमीटर, आणि त्याच्या पाठीवर किंवा मागच्या उतारावर असलेला फिकट तांबूस, जरासा खरबरीत पट्टा निसटून जातो. त्यामुळे क्रम असा हवा.

आधी धुवायचं, मग साध्या पांढऱ्या उजेडात पूर्ण नळी बघायची, हवा भरून आणि हवा काढून दोन्ही प्रकारे, कारण हवा जास्त भरली की अस्तर ताणलं जातं आणि बारीक खड्डा-उंचवटा सपाट होऊन जातो. गुळगुळीत ताणलेल्या अस्तराखालच्या रक्तवाहिन्यांची जाळी जिथे अचानक दिसेनाशी होते तिथे थांबायचं. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी लावली असेल तर फुगवट्याला बाजूला ढकलून त्याची मागची बाजू बघता येते, टोपी नसेल तर ती बाजू बहुतेक राहूनच जाते.

मग एनबीआय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून ठरावीक रंगांचाच प्रकाश, किंवा तसाच दुसऱ्या कंपनीचा. स्क्वॅमस कॅन्सरचा सुरुवातीचा डाग यात तपकिरी दिसतो. मॅग्निफिकेशन असेल तर अस्तरातल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांचे फास बघायचे, जपानी वर्गीकरणात टाइप ए म्हणजे साधं किंवा फारतर सूज वगैरे, बी१ म्हणजे फास अजून शाबूत आहेत आणि आजार वरच्या थरातच, बी२ म्हणजे फास मोडलेत आणि आजार पापुद्र्यापर्यंत किंवा जरासा खाली, बी३ म्हणजे जाडजूड वाहिन्या आणि आजार खोल.

शेवटी ल्युगॉलचं आयोडीन, साधारण १ ते २ टक्क्यांचं. निरोगी स्क्वॅमस पेशींत ग्लायकोजन असतं, ते आयोडीन धरतं आणि गडद तपकिरी होतं, कॅन्सरची जागा कोरी राहते. पण नुसती कोरी जागा म्हणजे कॅन्सर नव्हे, सूज असली तरी कोरी राहते. २–३ मिनिटं थांबायचं, कोरी जागा गुलाबी पडली तर संशय बराच पक्का होतो. ही दोन मिनिटं कोणी थांबत नाही हो, फवारलं आणि लगेच बाहेर. झाल्यावर उरलेलं आयोडीन ओढून घेऊन सोडियम थायोसल्फेट फवारलं की छातीतली आग कमी होते.

बॅरेट असलेल्या पेशंटला आयोडीनचा त्या भागात उपयोग नाही, तिथे अॅसिटिक अॅसिड आणि एनबीआय, आणि बॅरेटच्या दर सेंटीमीटरला किमान एक मिनिट नजर.

तपासून बघा: रिपोर्टमध्ये या चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का, गाठ दातांपासून किती सेंटीमीटरवर आहे, तिच्यावरचं अस्तर साध्या प्रकाशात कसं दिसलं, एनबीआयमध्ये कसं, आयोडीन मारलं का आणि काय दिसलं. 'सबम्युकोझल बल्ज, ओव्हरलाइंग म्युकोझा नॉर्मल' (अस्तराखाली फुगवटा, वरचं अस्तर नॉर्मल) एवढं एकच वाक्य असेल तर नॉर्मल कशावरून ठरवलं हे विचारा.

४. बायोप्सी: कमी घ्या पण नेमक्या जागेवरून घ्या

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे अस्तर सगळ्या प्रकाशांत आणि आयोडीनमध्येही स्वच्छ आहे, तरी गाठीतून काहीतरी मिळावं म्हणून त्याच जागी चिमट्यावर चिमटा मारत खोल जायचं. लायोमायोमापर्यंत साधा चिमटा बऱ्याचदा पोचतच नाही, फक्त वरच्या अस्तराचा तुकडा येतो, आणि तिथे जखम भरताना अस्तर गाठीला चिकटून बसतं, मग पुढे कधी गाठ सोलून काढायची वेळ आली तर अस्तर फाटतं.

दुसरी चूक याच्या उलट, अस्तरावर स्पष्ट संशयास्पद डाग आहे पण तुकडा घेतला फुगवट्याच्या मधोमध टोकावरून, कारण तिथे चिमटा नीट बसतो. रिपोर्ट येतो साधा आणि सगळे निश्चिंत. तुकडा संशयित जागेवरूनच हवा, आणि लहान डाग असेल तर एक-दोन नेमके तुकडे पुरतात, आठ-दहा घेतले तर खालचा थर चिकटतो आणि पुढची ईएसडी (दुर्बिणीतून बिघडलेलं अस्तर अख्खं सोलून काढणं) अवघड होते.

बॅरेटला हा नियम लागू नाही, तिथे दिसणाऱ्या खुणांचे तुकडे तर घ्यायचेच, शिवाय दर २ सेंटीमीटरला चारही बाजूंनी.

चामखिळीसारखी वाढ असेल, वरवरचे रिपोर्ट सारखे 'पॅपिलोमॅटोसिस, हायपरकेरॅटोसिस' असे साधेच येत असतील आणि वाढ मोठी होत असेल तर तिसरी-चौथी चिमटा-बायोप्सी करत बसू नका, वाढ खालच्या थरासकट काढून पूर्ण नमुना पॅथॉलॉजीला पाठवण्याबद्दल बोला.

५. ईयूएस आणि स्कॅन: दोन सावल्या एक समजू नका

ईयूएस म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी. गाठ कुठल्या थरातून आलीये हे हीच तपासणी सांगते. लायोमायोमा काळसर, एकसारखा, कडा स्वच्छ असा दिसतो.

आता अडचण ही की अस्तरातला कॅन्सरही काळसरच दिसतो. वर कॅन्सरचा पातळ थर आणि खाली लायोमायोमा असं असेल तर दोन्ही सावल्या मिळून एकच मोठी, खोल गेलेली गाठ वाटते, आणि 'सबम्युकोझात खोलवर कॅन्सर' असा निष्कर्ष निघून ज्याचं काम ईएसडीत झालं असतं त्याला थेट अन्ननलिका काढायचा सल्ला मिळतो. म्हणून दोघांच्या मध्ये पांढुरकी सबम्युकोझाची रेघ शाबूत आहे का हे खास बघायला सांगा, शक्य असेल तर २० मेगाहर्ट्झचा मिनीप्रोब, त्यात थर जास्त सुटे दिसतात. आणि ईयूएस एक सांगतंय आणि मॅग्निफिकेशनमध्ये वाहिन्या बी१च आहेत असं असेल तर हा विरोध डॉक्टरांसमोर मांडा, त्याचा अर्थ लावल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

कॅन्सर पक्का झाल्यावर सीटी करतात, मुख्यतः लसिकाग्रंथी बघायला. पेट स्कॅन केला तर लक्षात ठेवा, लायोमायोमाही कधीकधी पेटमध्ये चमकतो, चमकला म्हणजे कॅन्सर खोल गेला असं आपोआप होत नाही.

६. पॅथॉलॉजीकडून दोन वेगळी उत्तरं घ्या

तुकड्यासोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर 'इसोफॅगल बायोप्सी' एवढंच लिहिलं तर पॅथॉलॉजिस्ट बिचारा काय करणार. खाली गाठ आहे, वर कोरा डाग आहे, तुकडा डागातला आहे, हे लिहिलेलं हवं.

अस्तराचं उत्तर: डिस्प्लेसिया (कॅन्सरच्या आधीचा पेशींचा बिघाड) आहे का, हलका की तीव्र, की आक्रमक कॅन्सर. गाठीचं उत्तर, नमुना मिळाला असेल तर, पेशी ओळखायच्या खास रंगचाचण्यांवरून: डेस्मिन आणि एसएमए पॉझिटिव्ह, सीडी११७ आणि डॉग१ निगेटिव्ह म्हणजे लायोमायोमा, सीडी११७, डॉग१ पॉझिटिव्ह म्हणजे जिस्ट, कॅन्सरसारखी वागू शकणारी दुसरी गाठ, अन्ननलिकेत दुर्मिळ पण उपचार पूर्ण वेगळा, एस१०० पॉझिटिव्ह असेल तर ग्रॅन्युलर सेल किंवा श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ).

ग्रॅन्युलर सेल ट्यूमरवरच्या छोट्या तुकड्यात 'स्क्वॅमस कार्सिनोमा' असा रिपोर्ट आला तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन पचनसंस्थेचं काम करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. यात चार-आठ दिवस गेले तरी चालतात.

७. उपचार ठरवताना: आधी खोली, मग गाठ

निर्णय कॅन्सरच्या खोलीवरून घ्यायचा, फुगवट्याच्या आकारावरून नाही. अस्तरापुरता किंवा त्याच्या लगेच खालच्या थरापुरता स्क्वॅमस कॅन्सर असेल तर लसिकाग्रंथीत पसरायची शक्यता फार कमी, म्हणून दुर्बिणीतून काढणं पुरतं. पातळ पापुद्र्यापर्यंत पोचला तर ती शक्यता साधारण १० टक्क्यांच्या आसपास जाते, सबम्युकोझात खोल गेला की ३० ते ५० टक्के.

कॅन्सर वरवरचा आणि गाठ पातळ पापुद्र्यातून आलेली असेल तर नशीब चांगलं म्हणायचं, ईएसडीत दोन्ही एकाच तुकड्यात निघतात.

कॅन्सर वरवरचा पण गाठ मुख्य स्नायूतली असेल तर कॅन्सरचं अस्तर ईएसडीने काढायचं आणि गाठ शक्यतो तशीच ठेवायची. लोकांना हे पटत नाही, 'आत गेलाच आहात तर दोन्ही काढा ना' असा आग्रह होतो. पण मुख्य स्नायू कोरला आणि वर झाकायला अस्तर उरलं नाही की नळीला थेट छातीच्या पोकळीत भोक पडू शकतं. अस्तराखाली बोगदा करून गाठ काढायची पद्धत आहे, पण तिला वर धडधाकट अस्तर लागतं, कॅन्सरच्या अस्तराखालून बोगदा काढत नाहीत. त्रास न देणारा लायोमायोमा राहिला तरी बिघडत नाही, तो कॅन्सरमध्ये बदलणं अतिशय दुर्मिळ.

कॅन्सर खोल असेल तर ऑपरेशन, किंवा केमो आणि रेडिएशन एकत्र. दुसरा मार्ग घेतला तर एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवा, गाठ उपचारानंतर आकसेलच असं नाही, मग पुढच्या तपासणीत उरलेला फुगवटा बघून 'कॅन्सर शिल्लक आहे' असा गोंधळ होतो.

८. ईएसडीचा दिवस

पेशंटला यात करण्यासारखं फारसं काही नसतं पण क्रम माहीत असला की प्रश्न नीट विचारता येतात. आयोडीन मारून कोऱ्या जागेच्या काही मिलिमीटर बाहेर ठिपक्यांनी सीमा आखतात, अस्तराखाली निळसर द्रव टोचून अस्तर उचलतात, सीमेबाहेरून काप घेतात, आणि खालचा थर सुरीने हळूहळू सोडवत अख्खा एक तुकडा काढतात. तुकडा बोर्डवर टाचण्यांनी ताणून लावून मग फॉर्मालिनमध्ये, नुसता डबीत टाकला तर तो गुंडाळतो आणि कडा वाचता येत नाहीत.

विचारायचा प्रश्न: घेराचा किती भाग निघणार? पाऊण घेर किंवा जास्त निघाला तर जखम भरताना नळी आवळते. अशा वेळी आवळू नये म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या आधीच ठरवलेल्या असाव्यात.

९. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट, खरा निर्णय इथे होतो

ईएसडी झाली म्हणजे उपचार संपला असं समजून रिपोर्ट न घेता जाणारे पेशंट आहेत, फार वाईट वाटतं. या रिपोर्टमध्ये पाच गोष्टी शोधा: कॅन्सर किती खोल, सबम्युकोझात गेला असेल तर किती मायक्रॉन, बाजूची कड मोकळी आहे का, खालची कड मोकळी आहे का, लसिकावाहिनी किंवा रक्तवाहिनीत पेशी शिरल्या आहेत का. प्रत कशी आहे, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या, हेही बघा.

वरचे दोनच थर, कडा मोकळ्या, वाहिन्यांत काही नाही, तर फक्त नजर ठेवायची. सबम्युकोझात गेलाय, किंवा वाहिन्यांत शिरलाय, किंवा खालची कड बाधित आहे, तर ऑपरेशन किंवा केमो-रेडिएशनची चर्चा लगेच. स्क्वॅमसमध्ये सबम्युकोझात २०० मायक्रॉन ही रेघ मानतात, बॅरेटच्या अॅडिनोकार्सिनोमात (ग्रंथीपेशींचा कॅन्सर) ५००. बॅरेटचा असेल तर उरलेलं बॅरेटही नंतर जाळून टाकावं लागतं, नाहीतर तिथे दुसरा उगवतो.

तपासून बघा: रिपोर्टमध्ये खालच्या लायोमायोमाचा उल्लेख वेगळ्या ओळीत आहे का. नसेल आणि गाठही निघाली होती, तर विचारा.

१०. घरी गेल्यावर आणि पुढची वर्षं

सुरुवातीला पातळ, मग मऊ, डॉक्टर सांगतील त्या वेगाने. आम्ल कमी करणारी गोळी काही आठवडे, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायची नाही.

सावधान: छातीत किंवा पाठीत जोराचं दुखणं, ताप, मानेच्या कातडीखाली दाबल्यावर चुरचुरणारी सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका, थेट इमर्जन्सीला.

घास अडकायला लागणं मात्र सहसा २ ते ४ आठवड्यांनी सुरू होतं, जेव्हा पेशंटला वाटतं आता सगळं संपलं. लोक पातळ पिऊन दिवस काढतात आणि नळी पार आवळल्यावर येतात. पहिल्यांदा अडकलं त्याच आठवड्यात या, फुग्याने रुंद करणं तेव्हा सोपं असतं.

पुढची दुर्बीण साधारण ३ ते ६ महिन्यांनी, मग दर ६ ते १२ महिन्यांनी, दर वेळी एनबीआय आणि आयोडीनसकट पूर्ण नळी, कारण ज्या तंबाखू-दारूने एक जागा बिघडली तिने आजूबाजूचं अस्तरही भिजवलेलं असतं. घसा, जीभ आणि स्वरयंत्रसुद्धा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. तंबाखू आणि दारू दोन्ही बंद, कमी नव्हे, बंद.

ज्यांचं अस्तर स्वच्छ निघालं आणि गाठ लायोमायोमा असल्याचं पक्कं झालं, त्रास नाही, त्यांना त्या गाठीसाठी वारंवार तपासण्या लागत नाहीत. गाठीचं निदान पक्कं झालेलं नसेल तर पहिली दुर्बीण ३ ते ६ महिन्यांनी, त्यानंतर १ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर २–३ वर्षांनी, १ ते २ सेंटीमीटर असेल तर १–२ वर्षांनी. आणि त्या प्रत्येक वेळी जुना फोटो सोबत न्या, गाठीचा आकार तर ते मोजतीलच, तुम्ही तिच्यावरच्या अस्तराबद्दल विचारा.